"दादा, हे गाणं कोणतं?" सांगायचं का दाबून ठेवायचं?

प्रश्न कोरेगावकडच्या एका पोराचा आहे. डीजे आहे, दोन वर्षं झाली हळदी, वाढदिवस वाजवतोय. वाजवताना लोक कन्सोलपाशी येतात, मोबाईलवर मोठ्या अक्षरात "गाण्याचं नाव?" असं टाईप करून तोंडासमोर धरतात, आणि हा ज्याच्या हाताखाली शिकला तो म्हणतो की नाव सांगितलंस की धंदा गेला, पुढच्या सुपारीला तेच गाणं शेजारच्या गावचा वाजवणार. तर सांगावं का नाही?

आधी थेट उत्तर देतो, मग पाल्हाळ लावतो. सांग. ज्याने बनवलंय त्याचं नाव सांग. कधीकधी खरंच सांगता येत नाही, तेव्हा गप्प बस, हस, "नंतर सांगतो" म्हण, कोणी मारत नाही. पण खोटं नाव सांगू नको, आणि दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव तर अजिबात चढवू नको. हे मी वीसेक वर्षं वाजवून सांगतोय, आणि त्यातला एक भाग मी स्वतः माती खाऊन शिकलोय, तेही सांगतो.

मी ज्यांच्याकडे शिकलो त्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो. साताऱ्यात २००३-०४ चा काळ, सीडीचे प्लेअर, लॅपटॉप बघायला पण मिळायचा नाही. मामांकडे सीडीचं एक काळं जाडजूड पाकीट होतं आणि एकाही सीडीवर नाव नाही, नुसतं मार्करने अ-७, ब-१२, असं. त्याची किल्ली म्हणजे खिशातली एक छोटी डायरी, ती आम्हाला कधी दिसली नाही. "गाणं बाजारात मिळतं, नाव मिळत नाही" असं म्हणायचे. एका विसर्जनाला एवढा पाऊस झाला की डायरीची सगळी शाई पसरली आणि पुढचे चार महिने मामांनाच कळेना क-९ मध्ये काय आहे. प्रत्येक सीडी लावून बघायचे, आणि आम्ही मागे तोंड दाबून हसायचो.

मला वाटायचं ही आयडिया मामांची. खूप नंतर वाचलं तेव्हा कळलं की हे जगभर झालंय आणि फार आधी. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये सेजविक अव्हेन्यूवरच्या बिल्डिंगीत ११ ऑगस्ट १९७३ ला बहिणीच्या पार्टीला ज्याने वाजवलं आणि हिपहॉपची सुरुवात तिथून धरतात, तो कूल हर्क रेकॉर्डी पाण्यात भिजवून त्यांची लेबलं काढून टाकायचा. बाजूला उभं राहून कोणी वाचू नये म्हणून. आणि ही अक्कल त्याला वडिलांनी दिली होती. हर्क मूळचा जमैकाचा, किंग्स्टनचा, आणि तिकडे साउंड सिस्टीमवाल्यांमध्ये पन्नासच्या दशकातच लेबल खरवडायची रीत पडलेली. तिकडची दोन मोठी नावं, कॉक्सन डॉड आणि ड्यूक रीड. आपल्याकडे दोन मंडळांच्या डॉल्बी समोरासमोर लागतात ना, तसंच त्यांचं चालायचं. कॉक्सनकडे अमेरिकन सॅक्सोफोनवाला विलिस जॅक्सन याची एक रेकॉर्ड होती, तिचं लेबल खरवडून त्याने तिला "कॉक्सन हॉप" असं आपलंच नाव दिलं आणि ती त्याची ओळखच झाली. शेवटी ड्यूक रीडने ती शोधून काढली आणि वाजवली, तेव्हा कॉक्सन जवळजवळ चक्कर येऊन पडला असं तिथलाच गायक प्रिन्स बस्टर सांगायचा. मी हा किस्सा वाचला तेव्हा मला आधी मामा आठवले आणि मग स्वतःची एक गोष्ट आठवली, ती पुढे येईल.

इंग्लंडात तर याला चक्क नाव आहे, कव्हर-अप. तिथल्या उत्तर भागात सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या जुन्या, न चाललेल्या सोल गाण्यांचं, म्हणजे तिथल्या काळ्या लोकांच्या गाण्यांचं, वेड होतं, नॉर्दर्न सोल म्हणतात त्याला, विगन कसिनो नावाचा हॉल १९७३ पासून १९८१ पर्यंत रात्रभर चालायचा. तिथले डीजे रेकॉर्डच्या लेबलवर कोरा कागद चिकटवायचे आणि लोकांना भलत्याच गायकाचं नाव सांगायचे. फ्रँक विल्सन म्हणून मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीतला माणूस, त्याची १९६५ ची एक रेकॉर्ड बाजारात यायच्या आधीच रद्द झाली, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या प्रती राहिल्या. ती तिकडे "एडी फॉस्टर" या नावाने वाजत होती. २००९ साली तिची एक प्रत पंचवीस हजार पौंडांच्या वर गेली. म्हणजे रेकॉर्ड एवढ्या मोलाची, पोरं तिच्यावर घाम गाळून नाचतायत, आणि तोंडात नाव दुसऱ्याच माणसाचं.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या लोकांचं लपवणं मला कळतं. ती रेकॉर्ड मिळवायला माणूस अमेरिकेत जायचा, गोडाऊनमध्ये धूळ खात बसायचा, हजारातून एक निघायची. मामा पण रात्रीच्या एसटीने मुंबईला जायचे, दिवसभर दुकानं पालथी घालून परत रात्रीच्या गाडीने यायचे, खिशातले पैसे घालून. त्यांनी डायरी लपवली तर मी त्यांना नावं ठेवणार नाही, तो त्यांचा घाम होता. पण तुझं माझं काय आहे? व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आलेली फाईल, चाळीस वेळा फॉरवर्ड झालेली, नाव काय तर "हळदी स्पेशल न्यू फायनल २ कॉपी". यात आपला घाम कुठाय ते मला दाखव, मग आपण लपवायचं बोलू.

आणि गप्प बसणं वेगळं, खोटं नाव देणं वेगळं. लेबल भिजवून काढलं तर समोरच्याला फक्त कळत नाही, शोधत बसेल बिचारा. "कॉक्सन हॉप" म्हटलं की खऱ्या वाजवणाऱ्याचं नावच पुसलं जातं. माझा हिशेब या दोन गोष्टींत फरक करतो आणि सगळ्या भांडणात हा फरक लोक विसरतात.

काही जण म्हणतील हल्ली गाणं ओळखणारं शाझाम ॲप आहे, कोणी विचारतंच कशाला. विचारतात, कारण शाझाम आपल्या कामात निम्म्या वेळा फेल जातं. ते चालतं कसं ते थोडक्यात सांगतो. गाण्यातले जे उठून दिसणारे सूर असतात, कोणत्या क्षणाला कोणती पट्टी जोरात, त्यांचे ठिपके ते टिपतं, दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजतं आणि त्याचा अंगठ्याचा ठसा असतो तसा ठसा बनवून आपल्या साठ्यात शोधतं. २००२ ला इंग्लंडात सुरू झालं तेव्हा तर फोनवरून २५८० लावायचं, फोन स्पीकरकडे धरायचा आणि नाव एसएमएसने यायचं. गोंगाटात पण ओळखतं, त्यात कमाल आहेच. पण तू पिच, म्हणजे गाण्याचा वेग, पाच-सहा टक्के वर घेतलास की सूर पण सरकले आणि वेळ पण आकसली, ठसा जुळत नाही. जुन्या टर्नटेबलला वेग आठ टक्के वर-खाली करायची पट्टी असायची, तेवढ्यात पण गाणं मशीनला अनोळखी होतं. वर तू त्यावर हलगी चढवलीस, खालून दुसऱ्या गाण्याचा बेस घातलास, मग तर संपलंच. आणि सगळ्यात मुख्य, कराड-विट्याकडच्या एखाद्या पोराने घरी कॉम्प्युटरच्या एफएल स्टुडिओ सॉफ्टवेअरवर बनवलेलं रिमिक्स त्यांच्या साठ्यात मुळातच नाहीये तर सापडणार कुठून? म्हणजे ज्याचं नाव आधीच सगळ्यांना ठाऊक त्याचं नाव मशीन सांगणार, आणि ज्याला नावाची खरी गरज त्याचं नाव फक्त वाजवणाऱ्याच्या तोंडात. म्हणून तुला जी माणसं येऊन विचारतात ना, त्यांचा कंटाळा करू नको.

आता माझी लाज. साधारण २०१४. एका इंजिनिअरिंगच्या पोराने मला व्हॉट्सॲपवर एक रिमिक्स पाठवलं होतं. जुन्या गाण्याचा तुकडा, त्यावर हलगी आणि संबळ, आणि ड्रॉपच्या, म्हणजे बीट जोरात परत पडायच्या, आधी चार ठोके पूर्ण शांत. साधं वाटतं पण त्या शांततेत हजार माणसं एकदम हात वर करतात, मी पाहिलंय. आपल्याकडची पद्धत अशी की बनवणारा मध्ये आपला टॅग टाकतो, कोणाचा तरी आवाज, "डीजे अमुक इन द मिक्स", ते सगळ्यांना डोकेदुखी वाटते आणि खरंच काही जण दर वीस सेकंदाला टाकतात. या पोराने दोनच ठिकाणी टाकला होता. मी ऑडॅसिटी या आवाज कापायच्या सॉफ्टवेअरमध्ये बसून दोन्ही काढले. सफाईने काढले, सांधा ऐकू येणार नाही असे, तेव्हा त्याचा अभिमान पण वाटला होता.

मिरवणुकीत ते वाजवलं. पब्लिक येडं झालं. तीन मंडळांचे कार्यकर्ते येऊन विचारून गेले, दादा हे कोणी बनवलं, आणि मी काय केलं तर नुसता हसलो. तोंडाने "मी" म्हटलं नाही. एवढीच मला पळवाट होती आणि पुढे खूप दिवस मी स्वतःला तेच सांगत होतो की मी कुठे म्हटलं माझं आहे म्हणून. कोणीतरी व्हिडिओ टाकला, त्याखाली सगळे माझं नाव लिहीत होते, मी एक शब्द टाकला नाही. दिवाळीत तो पोरगा एका लग्नात भेटला. भांडला नाही. "दादा, आवाज कसा वाटला तो? बेस थोडा कमी पाहिजे होता का?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, नाही नाही, मस्त होता. त्यानंतर त्याने मला एकही गाणं पाठवलं नाही. धंदा-धंदा म्हणतोस ना, तर हा बघ धंद्याचा हिशेब. नाव दाबून मला मिळाली एक मिरवणूक, आणि गेला तो सातारा जिल्ह्यातला तेव्हाचा सगळ्यात चांगला हात. तुझा उस्ताद नाव सांगितल्याने काय जातं ते मोजतो, न सांगितल्याने काय जातं ते कोणीच मोजत नाही कारण ते दिसतच नाही. पोरं गाणी पाठवायची बंद होतात, बस्स. तुला कळत पण नाही कधी बंद झाली.

हां, आता कधी सांगायचं नाही. एखाद्याने विश्वासाने अजून न आलेलं गाणं दिलंय, "वाजवून बघ, पब्लिकवर कसं चालतं सांग" म्हणून, तिथे नाव हे त्याचं आहे, त्याने सांग म्हटलं तरच सांगायचं. गोव्यात हणजुणेच्या पार्ट्यांमध्ये हे फार जुनं आहे. तिकडे रेकॉर्ड उन्हाने वाकायच्या म्हणून आधी कॅसेटवर आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून डॅट टेपवर वाजवायचे, छोट्या डिजिटल कॅसेट त्या. पिच जुळवायची सोय नाही, एक गाणं संपवून दुसरं लावायचं, त्यामुळे सगळी मजा तुझ्याकडे कोणती टेप आहे यात. बनवणारे वाजवणाऱ्यांना थेट टेप द्यायचे, बाजारात यायच्या कितीतरी आधी. ते गोपनीय ठेवणं हा विश्वास होता, मी त्याला लपवालपवी म्हणणार नाही.

दुसरं म्हणजे चढाओढ. विसर्जनाला समोरच्या चौकात दुसरा उभा असताना तू म्हणालास की आज नाही सांगत, तर मला चालेल. पण मुदत ठेव त्याला. मी कार्यकर्त्यांना सरळ सांगतो, "अनंत चतुर्दशी होऊ दे, दुसऱ्या दिवशी मेसेज टाक, नाव देतो", आणि देतो. लोकांना "नाही" ऐकायला फार वाईट वाटत नाही, टाळलेलं वाईट वाटतं.

तिसरं, फाईल. नाव विचारणं वेगळं आणि "पेनड्राइव्ह दे ना दोन मिनिटं" वेगळं. पेनड्राइव्ह कोणालाच देऊ नको, अगदी साउंडवाल्याच्या गड्याला पण नको, माझे दोन वर्षांचे क्यू पॉइंट (गाणं कुठून उचलायचं त्या खुणा) लावलेले फोल्डर असे जेवायच्या सुट्टीत कॉपी झालेत. नाव फुकट आहे, मेहनत फुकट नाही. हे दोन्ही एकच आहे असं समजून लोक नाव पण दाबून बसतात.

पैशाचं थोडं बोलतो, कारण कोणी बोलत नाही. कार्यक्रमाला लायसन्सची फी भरली जाते, आपल्याकडे ती गोळा करायला गीतकार-संगीतकारांसाठी आयपीआरएस नावाची संस्था आहे, रेकॉर्डिंगसाठी पीपीएल आहे. कॉपीराइट कायद्यात वरातीला आणि लग्नातल्या काही गोष्टींना सूट आहे, तिच्यावरून कोर्टात बरीच भांडणं झालीयेत, ते इथे नको. मुद्दा असा की गोळा झालेला पैसा वाटायचा तर कोणतं गाणं वाजलं हे कळायला लागतं. यादीच नसेल तर वाटप बाकीच्या आकड्यांवरून होणार, म्हणजे जो आधीच सगळीकडे वाजतो त्यालाच परत. अमेरिकेतल्या डीव्हीएस-वन नावाच्या टेक्नो डीजेने २०२२ ला यावर एक सोय काढली होती, ॲस्लाइस नावाची. वाजवून झालं की यादी टाकायची आणि आपल्या मानधनातला छोटा हिस्सा, पाच टक्के वगैरे, त्या यादीतल्या लोकांना वाटला जाणार. कसली सुंदर कल्पना. २०२४ ला बंद पडली, पुरेसे डीजे आलेच नाहीत. ज्यांची फी लाखांत आहे त्यांनी पण नाही. मला ते वाचून राग आला आणि मग आठवलं की मी एकेकाळी दोन सेकंदाचा टॅग सुद्धा ठेवला नव्हता.

तुझ्या उस्तादांच्या मूळ भीतीवर येतो, की नाव कळलं की आपली किंमत गेली. आपल्याकडे गाणाऱ्यांमध्ये हे शंभर वर्षांपूर्वी होऊन गेलंय. घराण्याची चीज बाहेर जाऊ द्यायची नाही, बाहेरच्याला अस्थायी सांगितली तर अंतरा गिळायचा, अनवट राग गायचा आणि नाव सांगायचं नाही. मग भातखंडे आले, मुंबईचे वकील, त्यांनी गावोगाव फिरून, मिनतवाऱ्या करून शेकडो बंदिशी मिळवल्या आणि स्वरलिपीसकट सहा भागांत छापून टाकल्या. तेव्हा पण ओरड झालीच. पण पुस्तक घरात आहे म्हणून कोणी मल्लिकार्जुन मन्सूर झालं का? मी माझ्या हळदीच्या सेटची अख्खी यादी एका मुलाला दिली होती, क्रमाने. त्याने तशीच्या तशी वाजवली आणि दहाव्या मिनिटाला मंडप रिकामा. कारण आमच्या हळदीत नवरीची आत्या नाचायला उठली होती म्हणून मी कोळीगीत लांबवलं होतं, त्याच्या हळदीत आत्या जेवायला बसली होती. यादीत आत्या नसते.

आणि रेडिओ आठव, किंवा घरी आईला विचार. "आपली आवड" लागायचं तेव्हा गाण्याआधी गीतकार कोण, संगीत कोणाचं, गायलंय कोणी, सगळं सांगायचे आणि वर फर्माईश कोणत्या गावाहून आली ते पण. त्यामुळे त्या कार्यक्रमाची किंमत कमी झाली असं मी कोणाकडून ऐकलं नाही. आमच्या आजीला शाळा नव्हती, पण गाणं लागलं की खळे का फडके का वसंत प्रभू हे चूल फुंकता फुंकता सांगायची. ते तिला कुठून आलं? रोज कोणीतरी नावं घेत होतं म्हणून. आज आपल्या मांडवात नाचणाऱ्या पोराला विचार, हे हळदीचं गाणं कोणी लिहिलंय. "पारंपरिक आहे" म्हणेल. अरे, लिहिणारा कदाचित उरणला घरी बसून चहा पीत असेल.

आता करायचं कसं ते सांगतो, कारण मिक्स चालू असताना कानात हेडफोन, एक हात फेडरवर आणि समोर कोणीतरी मोबाईल नाचवतंय, तेव्हा चिडचिड होते हे मला माहितीये. मी टेबलाच्या पुढच्या बाजूला माझ्या पेजचा क्यूआर कोड चिकटवलाय, त्याच्याकडे बोट दाखवतो आणि घड्याळ दाखवतो, म्हणजे किती वाजता वाजलं ते लिहून मेसेज कर. बाकी काम सॉफ्टवेअर करतं. व्हर्च्युअल डीजे, सेराटो, रेकॉर्डबॉक्स, सगळ्यांत हिस्टरी असते, काय वाजवलं ते क्रमाने जमा होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी उठलं की दहा मिनिटं काढून ती यादी टाकतो. फक्त त्यासाठी फाईलींची नावं नीट पाहिजेत, आणि तिथेच सगळं अडतं. गाणं आलं की लगेच, त्याच दिवशी, मूळ गाणं, गायक, रिमिक्स कोणाचं, कोणत्या गावचं, असं नाव बदलून ठेव. कोणाचं आहे माहीतच नसेल तर "बनवणारा माहीत नाही" असंच लिहून यादीत टाक. मी असं टाकलेल्या गाण्यांपैकी बऱ्याच गाण्यांखाली दोन-तीन दिवसांत कोणीतरी येऊन लिहितं, "दादा हे आमच्या भावाने केलंय".

टॅगचं मी आता असं करतो की दोन-चार असले तरी पहिला ठेवतोच, बाकीचे त्याला विचारून काढतो. परवा एकाने उलट मलाच बिनटॅगचं व्हर्जन आपणहून पाठवलं, म्हणाला दादा तुम्ही नाव सांगता तर टॅग कशाला मध्ये.

तुझ्या उस्तादांशी यावरून भांडू नको. त्यांच्या डायरीच्या काळात ते बरोबरच होते. तू फक्त येत्या हळदीपासून हिस्टरी चालू कर, आणि पेनड्राइव्ह खिशात ठेवूनच जेवायला जा.